बदली झाली आणि माणूस बदलला

तुमच्या ग्रुपमध्ये एकजण तरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असणार. एमपीएससी, बँक, रेल्वे, पोस्ट, जी जाहिरात निघेल ती. त्याला विचारा, सिलॅबस तोंडपाठ असेल, मागच्या वर्षीचा कटऑफही सांगेल. पण ज्या ऑफिसात तुला बसवतील ते कसं असेल, साहेब कसा असेल आणि तिथं सात वर्षं काढल्यावर तुझं काय झालेलं असेल, असं विचारलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. आधी नोकरी लागू तर दे, म्हणेल.

अँथनी ट्रॉलपला नोकरी लागली होती. इंग्लिश लिटरेचरवाल्यांनी हे नाव ऐकलं असेल: 47 कादंबऱ्या लिहिणारा व्हिक्टोरियन काळातला लेखक, अभ्यासक्रमात डिकन्सच्या आजूबाजूला कुठेतरी येणारा. हा माणूस 33 वर्षं सरकारी नोकर होता, तोही पोस्टात, हे मात्र लिटरेचरवाल्यांच्याही नोट्समध्ये एका ओळीत आटपतं. आपल्याला आज ती एक ओळच हवी आहे. कारण या 33 वर्षांतली पहिली सात वर्षं तो असा कारकून होता की कधीही काढून टाकला असता, आणि नंतरची 26 वर्षं खात्यातल्या भरवशाच्या अधिकाऱ्यांपैकी एक. माणूस तोच, खातं तेच. मधे फक्त एक बदली झाली.

ट्रॉलपचा जन्म 24 एप्रिल 1815चा, लंडनचा. वडील वकील, पण स्वभाव असा तापट की अशील टिकत नसत. मग त्यांनी शेती करून पाहिली, तीही बुडाली. पोरगा मात्र हॅरोसारख्या बड्या शाळेत, बड्या घरच्या मुलांमध्ये. मळके कपडे, चिखलाचे बूट, शिक्षकांचा मार आणि पोरांची टिंगल. घर शेवटी आईनं चालवलं, पन्नाशीत लेखिका होऊन. अमेरिकेतल्या चालीरीतींवरचं तिचं पुस्तक 1832 साली आलं आणि गाजलं. तरी कर्ज फिटलं नाही. 1834 मध्ये वडिलांना अटक टाळण्यासाठी पळून बेल्जियमला जावं लागलं. त्यांना बग्गीतून बोटीपर्यंत सोडायला अँथनीच गेला होता. परत येऊन बघतो तर घरात जप्तीवाले.

तिथूनच पोस्टातली नोकरी आली, आणि कशी आली ते वाचताना तुम्हाला हसू येईल किंवा संताप येईल. आईची एक मैत्रीण पोस्ट खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची सून होती. आपल्या भाषेत वशिला. परीक्षा झाली, नाही असं नाही. वर्तमानपत्रातला एक मजकूर पिसाच्या लेखणीनं उतरवून काढायला सांगितला. पोरानं शाईचे डाग पाडले, स्पेलिंग चुकवली. गणित येतं का, विचारलं, तर थोडंफार येतं म्हणाला. उद्या चांगल्या अक्षरात काहीतरी लिहून आण, मग गणिताचं बघू, असं ठरलं. रात्री जागून त्यानं सुंदर अक्षरात पानं उतरवली, दुसऱ्या दिवशी घेऊन गेला, तर ती कुणी मागितलीही नाहीत. सरळ टेबल दाखवलं. वय 19, पगार वर्षाला 90 पौंड.

आता हे टेबल कुठं होतं ते बघा. लंडनचं मुख्य पोस्ट, सेंट मार्टिन्स-ले-ग्रँड नावाची भव्य इमारत. एकोणीस वर्षांचा मुलगा, घरचे सगळे परदेशात, भाड्याची खोली, तुटपुंजा पगार. कामाचं प्रशिक्षण नाही. काम म्हणजे पत्रांच्या नकला आणि उत्तरं. आपण लिहिलेल्या पत्राचं पुढं काय होतं, कुठल्या गावात कुणाची टपाल वेळेवर पोचली, याचा पत्ता नाही. वरच्या मजल्यावर, ऑफिसातच राहणाऱ्या कारकुनांची एक खोली होती. तिथं दुपारी जेवणानंतर पत्ते रंगायचे आणि रात्री धूर नि दारू. आणि साहेब? पहिला साहेब वशिल्याचा असला तरी मायेचा होता, पण तो 1836 मध्ये वारला. त्याच्या जागी आले कर्नल मेबर्ली.

कर्नलसाहेबांची शिस्तीची कल्पना म्हणजे मस्टर. दहाच्या ठोक्याला हजर कोण आणि लेट कोण. ट्रॉलप रोज लेट. त्याचं घड्याळ म्हणे नेहमी दहा मिनिटं मागं असायचं. गंमत म्हणजे तो पत्रं चांगली लिहायचा, नेमकी आणि झटपट. पण ते मोजायला कुणी बसलं नव्हतं, उशीर मोजायला होतं. मेमोवर मेमो. रुजू झाल्यापासून काही महिन्यांतच काढून टाकायची भाषा सुरू झाली. वशिला लावणाऱ्या त्या बाईंनी डोळ्यांत पाणी आणून त्याला आईचा तरी विचार कर म्हणून विनवलं. तेवढ्यापुरता फरक पडला असेल, नसेल.

मला विचाराल तर मेबर्लींनाही थोडी सूट द्यायला हवी. त्या काळात खात्यावर प्रचंड ताण होता. जानेवारी 1840 मध्ये रोलंड हिल यांच्या आग्रहानं एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं, आणि पत्रांची संख्या एका वर्षात सुमारे साडेसात कोटींवरून जवळपास सतरा कोटींवर गेली. मेबर्लींचा या योजनेलाच विरोध होता. ज्या साहेबाचा स्वतःच्या खात्यातल्या सगळ्यात मोठ्या बदलावर विश्वास नाही, तो खालच्यांना उत्साह कुठून देणार?

बाहेर कर्जाचा फास होता. शिंप्याचं 12 पौंडांचं बिल एका सावकाराच्या हातात गेलं, आणि थोडी रोख उचल धरून ट्रॉलपनं शेवटी त्याचे दोनशेहून जास्त पौंड फेडले. म्हणजे दोन वर्षांचा पगार. हा सावकार रोज ऑफिसात यायचा, ट्रॉलपच्या खुर्चीमागं उभा राहायचा आणि हळू आवाजात वेळ पाळायचा उपदेश करायचा! सावकारानं वक्तशीरपणा शिकवावा. एकदा तर एका मुलीची आई टोपली घेऊन थेट ऑफिसात घुसली आणि माझ्या मुलीशी लग्न कधी करतोस, असं सगळ्यांसमोर ओरडून विचारू लागली. साहेबांच्या डोळ्यांसमोर फाइल कशी तयार होत गेली असेल, विचार करा.

आणि मग ती दौत. पैसे असलेलं एक पाकीट कर्नलच्या टेबलावरून गायब झालं. खोलीत ट्रॉलप येऊन गेला होता, म्हणजे चोर तोच. कर्नलनं बोलावून तोंडावर आरोप केला आणि टेबलावर मूठ आपटली. ट्रॉलपनंही संतापून मूठ आपटली, ती नेमकी शाईच्या दौतीजवळ, आणि शाई उडाली थेट कर्नलच्या तोंडावर नि शर्टावर. एक वरिष्ठ कारकून टीपकागद घेऊन साहेबाला पुसायला धावला, तर त्याच्याही पोटात एक ठोसा बसला. तेवढ्यात साहेबाचा सचिव पाकीट घेऊन आत आला. ते दुसरीकडेच ठेवलेलं होतं. ट्रॉलपला जागेवर जायला सांगितलं. संपलं. माफी वगैरे काही नाही.

सात वर्षांत पगार 90 वरून 140 झाला. लेखक व्हायचं स्वप्न त्याच्या मनात पहिल्यापासून होतं, संध्याकाळी वेळही होता, पण त्या सात वर्षांत एक कादंबरी सुरूसुद्धा झाली नाही. पुढं या काळाबद्दल लिहिताना तो स्वतःला सोडत नाही. आपण आळशी होतो, उधळे होतो, हे कबूल करतो. पण एक प्रश्नही विचारतो. एकोणीस वर्षांच्या पोराला एवढ्या पगारात लंडनमध्ये एकटं सोडायचं, ना घर, ना मार्गदर्शन, ना बसायला धड जागा, आणि मग तो बिघडला म्हणून डोळे वटारायचे. बिघडला नसता तर नवल.

1841 मध्ये एक कागद त्याच्या हाताखालून गेला. आयर्लंडच्या पश्चिम भागात पोस्टाच्या एका सर्व्हेअरला कारकून हवा होता. (हा सर्व्हेअर म्हणजे जमीन मोजणारा नव्हे, एका मोठ्या भागातल्या सगळ्या पोस्टांची तपासणी करणारा अधिकारी.) आधी पाठवलेला माणूस कामाचा नव्हता. लंडनच्या कुणालाही तिकडं जायचं नव्हतं. गरिबी, पाऊस, चिखल, आडगाव. आपल्याकडं ज्याला शिक्षेची बदली म्हणतात ती हीच. ट्रॉलप कर्नलकडं गेला आणि मला पाठवा म्हणाला. कर्नलनं आनंदानं पाठवलं. पीडा गेली.

सप्टेंबर 1841 मध्ये तो डब्लिनला उतरला. वय 26, ओळखीचं कुणी नाही, खिशात उसने पैसे. बॅनहर नावाच्या गावात मुक्काम ठरला. त्याच्याआधी त्याचा गोपनीय अहवाल पोचला होता, म्हणजे आपल्याकडची सीआर. मेबर्लींनी लिहिलं होतं की हा माणूस अगदी बिनकामाचा आहे, लवकरच काढावा लागेल. नव्या वरिष्ठानं तो अहवाल वाचला, ट्रॉलपला त्यातलं सांगूनही टाकलं, आणि वर म्हणाला की मी तुला तुझ्या इथल्या कामावरून जोखणार. मला वाटतं, अख्ख्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे, आणि त्याला एक पैसा खर्च आला नाही.

पैशांचा भाग मात्र होताच, तो लपवून चालणार नाही. कागदावर पगार कमी झाला, 140चा 100. पण घराबाहेरच्या प्रत्येक दिवसाला 15 शिलिंग आणि प्रवासाच्या प्रत्येक मैलाला 6 पेन्स भत्ता. आयर्लंडमध्ये स्वस्ताई. खर्च जाऊन वर्षाला सुमारे 400 पौंड हातात राहू लागले. सावकाराचा विषय संपला. त्यानं शिकारीसाठी घोडा घेतला, आणि हा शौक त्यानं म्हातारपणापर्यंत सोडला नाही.

कामही वेगळं होतं. पहिल्या काही कामगिऱ्यांतली एक: ओरनमोर गावच्या पोस्टमास्तरचे हिशेब जुळत नव्हते, ते तपासायचे. ट्रॉलपला तर पोस्टाचे हिशेब कसे ठेवतात तेच माहीत नव्हतं. मग त्यानं काय केलं? त्या पोस्टमास्तरकडूनच शिकून घेतलं. सगळे तक्ते कसे भरायचे ते त्यानं बिचाऱ्यानं नीट समजावून दिलं. मग ट्रॉलपनं त्याच ज्ञानाच्या जोरावर त्याची अफरातफर पकडली आणि तसा अहवाल पाठवला. त्या माणसाची नोकरी गेली.

दुसरं काम तक्रारींचं. कॅव्हन परगण्यातला एक जमीनदार पोस्टाविरुद्ध जहाल पत्रं पाठवायचा. ट्रॉलप भर हिमवर्षावात उघड्या गाडीतून त्याच्या दारात पोचला, चिंब आणि गारठलेला. त्यानं आत घेतलं, ब्रँडी दिली, जेवू घातलं, मुलीनं गाणं म्हटलं. तक्रारीचा विषय काढला की तो टाळायचा. सकाळी उलगडा झाला: साहेबांना दुसरा उद्योग नव्हता, पत्रं लिहिणं हा विरंगुळा होता. मेबर्लींच्या ऑफिसात बसून याच माणसाला ट्रॉलपनं दहा पत्रं लिहिली असती आणि फाइल फुगत गेली असती.

एका वर्षात त्याचं नाव चांगल्या कर्मचाऱ्यांत घेतलं जाऊ लागलं. 1844 मध्ये लग्न झालं, बढती मिळाली. आणि कादंबरी? ती 1843 मध्ये सुरू झाली, दिवसभर घोड्यावर फिरून आल्यावर. 1847 मध्ये छापली गेली. लंडनमध्ये वेळ असून जे झालं नाही ते इथं वेळ नसताना झालं.

1851 मध्ये त्याला दोनेक वर्षांसाठी इंग्लंडच्या पश्चिमेला पाठवलं. काम होतं खेडोपाडी पत्रं घरपोच पोचवायची व्यवस्था लावणं. तोवर आडबाजूच्या घरांना पत्र मिळायचं ते पोस्टमनला वेगळा पेनी देऊन, तोही बेकायदा. नियम असा होता की पोस्टमननं दिवसाला 16 मैलांपेक्षा जास्त चालू नये, आणि पत्रांच्या उत्पन्नातून त्याचा पगार निघाला पाहिजे. ट्रॉलप स्वतः घोड्यावरून रोज चाळीस मैल फिरायचा, शेतांमधून, कुंपणांवरून, आडवाटेनं. लोकांच्या दारात शिकारीच्या वेशात उभा राहून तुमचं पत्र कधी येतं, किती द्यावं लागतं, असं विचारायचा. लोकांना हा कोण वेडा वाटायचं. देशभर खेड्यांत पोस्टमन पोचवणं ही त्या दोन वर्षांत त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी महत्त्वाकांक्षा झाली होती, असं त्यानं नंतर लिहिलंय. हेच खातं, ज्यात तो दहाला पोचू शकत नव्हता.

याच दौऱ्यात तो चॅनल आयलंड्समध्ये गेला. तिथं पत्र टाकायला मुख्य पोस्टापर्यंत जावं लागे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेला पेट्या असतात, तशा इथं लोखंडी खांबांच्या लावून बघू, असं त्यानं सुचवलं. नोव्हेंबर 1852 मध्ये जर्सीला अशा चार पेट्या बसल्या, पुढच्या वर्षी गर्न्सीला. मग इंग्लंडभर, आणि पुढं साम्राज्यभर. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जी लाल पेटी आहे (किंवा होती), तिचं खापरपणजोबांचं घर तिथं आहे.

आपल्याशी आणखी एक धागा आहे. 1858 मध्ये त्याला इजिप्तला पाठवलं, तिथल्या सरकारशी करार करायला. विलायतेहून भारताकडं येणारी टपाल भूमध्य समुद्रापासून सुएझपर्यंत इजिप्तच्या रेल्वेनं नेण्याचा प्रश्न होता. सुएझचा कालवा अजून खोदायचा होता. इजिप्तचे अधिकारी 48 तास मागत होते. ट्रॉलप 24 वर अडून बसला आणि 24च मिळवले. तिकडं जाताना बोटीत तो ‘डॉक्टर थॉर्न’ ही कादंबरी लिहीत होता. मळमळलं की कागद टेबलावर सोडून पळायचं, परत येऊन पुढचं वाक्य. ती संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुढची सुरू.

पुढं लंडनजवळ बदली झाल्यावर तर त्यानं स्वतःसाठीच मस्टर लावलं. पहाटे साडेपाचला टेबलावर. एका नोकराला वर्षाला पाच पौंड जास्त द्यायचा, फक्त वेळेवर उठवून कॉफी देण्यासाठी. समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द. आठवड्याला किती पानं झाली याची वहीत नोंद. साडेआठला लेखक संपला, मग पोस्टाचा अधिकारी. दहा मिनिटं मागं असणारं घड्याळ आठवतंय ना?

इथवर वाचून तुम्हाला हा आदर्श अधिकारी वाटेल. पण तुमच्या-माझ्या दृष्टीनं त्याचं एक मत अडचणीचं आहे. 1854 मध्ये नॉर्थकोट आणि ट्रेव्हेल्यन यांचा अहवाल आला: सरकारी नोकरी वशिल्यानं नको, खुल्या स्पर्धा परीक्षेनं द्या. भारतातल्या सनदी सेवेसाठी तर 1855 पासूनच अशी परीक्षा सुरू झाली. तुमचा मित्र ज्या परीक्षेचा अभ्यास करतोय, तिचं मूळ इथं आहे. ट्रॉलप मात्र याच्या ठाम विरोधात होता. परीक्षेनं घोकंपट्टीवाले येतील, कामाचे नाही, असं त्याचं म्हणणं. 1857 मध्ये ‘द थ्री क्लार्क्स’ कादंबरीत त्यानं ट्रेव्हेल्यनवर आधारलेलं सर ग्रेगरी हार्डलाइन्स नावाचं विनोदी पात्र रंगवलं. पुढं दोघांची मैत्री झाली, आणि ट्रेव्हेल्यनना घरी सर ग्रेगरीच म्हणतात हे त्याला त्यांच्या बायकोनंच सांगितलं.

अशी परीक्षा असती तर मी नापास झालो असतो, असंही तो म्हणायचा. खरंय. पण वशिला नसलेली किती पोरं त्या दारापर्यंतही पोचली नाहीत, हे तो मोजत नाही. दरवाजा कसा असावा याबद्दल मी ट्रेव्हेल्यनच्या बाजूची. आत गेल्यावर काय होतं, हे मात्र ट्रॉलपला जास्त कळत होतं. 1861 मध्ये पोस्टातल्या सहकाऱ्यांपुढं दिलेल्या व्याख्यानात त्यानं सांगितलं की सरकारी नोकर हा गुलाम नव्हे. नेमून दिलेलं काम प्रामाणिकपणे करावं, त्यापलीकडचा वेळ आणि मत त्याचं स्वतःचं. रोलंड हिल यांना हे आवडलं नाही. आवडणार कसं, तेव्हा ते खात्याचे प्रमुख होते.

ग्लासगोचा एक प्रसंग. तिथल्या पोस्टमनांची तक्रार होती की काम फार आहे. ट्रॉलपनं खुर्चीत बसून आकडे मागवले नाहीत. ऐन उन्हाळ्यात तो त्यांच्याबरोबर गावभर चालला, उंच इमारतींच्या शेवटच्या मजल्यापर्यंत प्रत्येक जिना चढला. न चढता ठरवलं असतं तर त्यांनी मला विचारलंही नसतं, अशी त्याची समजूत होती. एवढं थकवणारं काम त्यानं कधी केलं नव्हतं. ते कुरकुरायचे, तेव्हा तो मनात म्हणायचा, तुम्हाला घरी जाऊन प्रेमप्रसंग लिहायचा असता म्हणजे कळलं असतं.

आता शेवटची बदली, जी झाली नाही. 1864 मध्ये हिल निवृत्त झाले, वरच्या जागा हलल्या. सहायक सचिवाचं पद मोकळं झालं आणि ट्रॉलपनं ते मागितलं. ते गेलं त्याला कनिष्ठ असलेल्या स्कडमोर यांच्याकडं. हुशार माणूस होता तो, पण ट्रॉलपला ते लागलं. तीन वर्षं तो तसाच राहिला. काम सोडलं नाही, पण 1867 मध्ये राजीनामा दिला. वय 52. पेन्शन साठीनंतर, आठ वर्षं आधी गेल्यामुळं एक पेनीही मिळाली नाही. 31 ऑक्टोबरला निरोपाचं जेवण झालं, पोस्टातली शंभरेक माणसं आली होती.

6 डिसेंबर 1882 ला तो गेला. आत्मचरित्र त्यानं साठीत लिहून ठेवलं होतं, ते 1883 मध्ये प्रसिद्ध झालं. घड्याळ लावून कादंबऱ्या लिहिल्याचं त्यात वाचून समीक्षकांनी नाकं मुरडली. हा काय कलावंत, हा तर कारकून! त्याच पुस्तकात तो सावकार आहे, टोपलीवाली बाई आहे, शाईची दौत आहे. कर्नल मेबर्लींची तर 1854 मध्येच पोस्टातून हिशेब तपासणीच्या खात्यात बदली झाली होती. तिथं त्यांचं कसं चाललं होतं, याबद्दल ट्रॉलपनं काही लिहिलेलं नाही.